मेजिरो, मेगुरो आणि आपला चष्मेवाला

(सेंदाई, जपान येथून)



जपानी भाषेत ‘मे’ म्हणजे डोळा आणि ‘शिरो’ म्हणजे पांढरा. हे दोन शब्द जोडले की ‘मेजिरो’ हा शब्द तयार होतो. मेजिरो हे एका चिमुकल्या हिरव्या पक्ष्याचे नाव आहे. त्याच्या डोळ्याभोवती पांढरे शुभ्र वर्तुळ असते, जणू कुणी बारीक कुंचल्याने काढलेले. सेंदाईत हिवाळा सरता सरता ‘उमे’ची, म्हणजे जपानी प्लमची, झाडे फुलतात, तेव्हा हे मेजिरो जोडीजोडीने किंवा थव्याने येतात आणि फुलात चोच घालून मध चाखतात. थंडीच्या दिवसांत ते एका फांदीवर अंगाला अंग चिकटवून ओळीने बसतात. त्यावरून जपानी भाषेत एक शब्दच रूढ झाला आहे, ‘मेजिरो-ओशी’. गर्दीत माणसे खांद्याला खांदा लावून दाटीने उभी राहिली की हा शब्द वापरतात. आपल्याकडे गणेशविसर्जनाच्या दिवशी बसमध्ये जी स्थिती असते, तिला अगदी शोभेल असा शब्द!

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी काही महिने या शहरात राहण्याची संधी मला मिळाली आहे. सेंदाईला जपानी लोक ‘मोरी नो मियाको’, म्हणजे वृक्षांची नगरी म्हणतात, आणि ते नाव खोटे नाही. दाते मासामुने या सरदाराने सतराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले. आजही मोठ्या रस्त्यांच्या दुतर्फा झेलकोव्हाची उंच झाडे आहेत आणि शहराला लागूनच आओबायामाचे रान आहे. अशा ठिकाणी मेजिरो पाहिला की मॉरिशसच्या माणसाला आपल्या घरच्या पक्ष्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. कारण मेजिरोचा एक सख्खा चुलतभाऊ आपल्या बेटावर राहतो. तो जगात दुसरीकडे कोठेच राहत नाही, आणि तो आता फार थोडा उरला आहे. आज त्याच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

एकच कुळ, तीन देश

मेजिरोचे कुळ मोठे आहे. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि मधल्या असंख्य बेटांवर या कुळातले पक्षी पसरले आहेत. भारतात जो आढळतो त्याला मराठीत ‘चष्मेवाला’ म्हणतात. किती समर्पक नाव! रत्नागिरी आणि सावंतवाडीकडच्या वाड्यांतही हा चष्मेवाला असतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी बोटीत पाय ठेवला त्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी तो आपल्या परसात नक्कीच पाहिला असेल. दोन फांद्यांच्या बेचक्यात गवताच्या काड्या आणि कोळ्याचे जाळे यांनी विणलेली इवलीशी वाटी, हे त्याचे घरटे.

मॉरिशसमध्ये या कुळातले दोन पक्षी आहेत. पहिला राखाडी रंगाचा. तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यालाच आपण ‘पिक-पिक’ म्हणतो. अंगणात, शाळेच्या कुंपणावर, लिचीच्या झाडात, कोठेही त्याची टोळी किलबिलत येते आणि जाते. दुसरा हिरवट, ऑलिव्हच्या रंगाचा. त्याची चोच लांब आणि किंचित वाकडी असते, डोळ्याभोवती पांढरा चष्मा असतो आणि लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर. आपल्या वाचकांपैकी शंभरात एकानेही तो पाहिला असेल की नाही, याची शंका वाटते.

या शतकाच्या आरंभी झालेल्या मोजणीत या हिरव्या चष्मेवाल्याच्या दीडशेपेक्षा कमी जोड्या भरल्या. त्याआधी पंचवीस वर्षांपूर्वी, १९७५ च्या सुमारास, अंदाजे साडेतीनशे जोड्या होत्या. म्हणजे एका पिढीत निम्म्याहून अधिक गेल्या. पक्ष्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘अत्यंत धोक्यात’ या वर्गात आहे. त्या वर्गानंतरची पायरी म्हणजे डोडो.

एक भाऊ सुखात, दुसरा संकटात

वर्गातली मुले इथे लगेच विचारतील, “दोन्ही पक्षी एकाच बेटावरचे, एकाच कुळातले, मग एकाचे बरे चालले आणि दुसऱ्याचे का नाही?” प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर समजण्यासारखे आहे.

पिक-पिक जे मिळेल ते खातो. किडे, फळे, मध, बागेतले, रानातले, त्याला सगळे चालते. माणसाने रान तोडून ऊस लावला, घरे बांधली, बागा केल्या, तेव्हा त्याने नव्या परिस्थितीशी जमवून घेतले. हिरवा चष्मेवाला मात्र मधावर अधिक अवलंबून आहे. त्याला आपल्या मूळ रानातली फुलझाडे लागतात, आणि ती एका जागी एकाच वेळी फुलत नाहीत म्हणून त्याला मोठा मुलूख फिरावा लागतो. तो राहतो बेटाच्या नैर्ऋत्येकडील उंच, पावसाळी भागात, बासँ ब्लाँ आणि कोंबोच्या आसपास. ते रानच आता उरले नाही. आपल्या बेटावर चांगल्या स्थितीतले मूळ रान शंभरात दोन भागांपेक्षाही कमी राहिले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ले मारच्या पठारावरचे खुजे रान लाकडाच्या लागवडीसाठी तोडले गेले, तेव्हा पक्ष्यांचा फार मोठा आसरा एकदम नाहीसा झाला.

पण रान जाणे हे एकच दुखणे नाही. उरलेल्या रानात त्याने घरटे बांधले, दोन-तीन अंडी घातली, तरी ती उबतीलच याचा भरवसा नाही. रात्री झाडावर चढणारे उंदीर येतात, दिवसा माकडे येतात. आपल्या बेटावर माणूस येण्यापूर्वी उंदीरही नव्हते आणि माकडेही नव्हती. लाखो वर्षे आपल्या पक्ष्यांनी फांदीवरून चोरपावलांनी येणारा शत्रू पाहिलाच नव्हता. त्यांना त्याची भीती शिकण्याची वेळच आली नाही. जहाजांबरोबर उंदीर आले, सतराव्या शतकाच्या सुमारास खलाशांनी माकडे आणली, १८९२ मध्ये भारतातून बुलबुल आला, ज्याला आपण ‘कोंदे’ म्हणतो. बुलबुल फळे खातो आणि परक्या झुडपांचे बी रानात सर्वत्र पसरवतो. यांपैकी कुणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण आपले पोट भरतो. पण घर एकाचे आणि पाहुणे अनेक, अशी ही गोष्ट झाली आहे.

बोनिन बेटांची कहाणी

हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. जपानच्या लोकांनी हे आपल्या आधी सोसले आहे.

तोकियोपासून सुमारे एक हजार किलोमीटर दक्षिणेला, भर प्रशांत महासागरात, ओगासावारा नावाची बेटे आहेत. त्यांना बोनिन बेटेही म्हणतात. हा शब्द ज्या जपानी शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘जिथे माणसे नाहीत’ असा आहे. आजही तिथे विमान जात नाही. तोकियोहून बोटीने चोवीस तास प्रवास केला की चिचिजिमा हे बेट येते, आणि तिथून दुसऱ्या बोटीने दोन तासांवर हाहाजिमा. ‘चिची’ म्हणजे पिता, ‘हाहा’ म्हणजे माता.

१८२८ मध्ये एका रशियन जहाजातून फोन किटलित्झ हा निसर्गशास्त्रज्ञ चिचिजिमावर उतरला. तिथल्या रानात त्याला जमिनीवर पालापाचोळ्यात वावरणारा एक गाणारा पक्षी दिसला. कस्तुराच्या जातीचा तो पक्षी त्या एका बेटावरच होता. किटलित्झने त्याचे काही नमुने जमवले. दोनच वर्षांनी, १८३० मध्ये, बेटावर पहिली वस्ती झाली. देवमाशांची शिकार करणारी जहाजे तिथे थांबू लागली. त्यांच्याबरोबर उंदीर आले, मांजरे आली, बकऱ्या आणि डुकरे आली. त्यानंतर तो कस्तूर कुणालाही पुन्हा दिसला नाही. युरोपातल्या काही संग्रहालयांत कापूस भरलेले त्याचे मोजके नमुने आहेत, आणि एवढीच त्याची शिल्लक. त्याच बेटावर जाड चोचीचा आणखी एक पक्षी होता. त्याचीही हीच गत झाली.

त्या बेटांवरचा एक गाणारा पक्षी मात्र अजून जिवंत आहे. त्याचे नाव ‘मेगुरो’. ‘कुरो’ म्हणजे काळा, म्हणून मेगुरो म्हणजे काळ्या डोळ्याचा. हा मेजिरोच्याच कुळातला, अंगाने पिवळा-हिरवा, डोळ्याखाली काळा त्रिकोण असलेला पक्षी. पूर्वी तो चिचिजिमाच्या बाजूच्या बेटांवरही होता, पण तिथे १९३० च्या सुमारासच संपला. आता तो फक्त हाहाजिमावर आणि तिच्या कुशीतल्या दोन लहान बेटांवर आहे. नवल असे की पंख असूनही तो समोर दिसणाऱ्या बेटावर सहसा उडून जात नाही. शास्त्रज्ञांनी रक्त तपासून पाहिले तेव्हा तिन्ही बेटांवरचे मेगुरो पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांपासून वेगळे राहिले आहेत असे दिसून आले. म्हणजे एका बेटावरचा संपला तर शेजारचा येऊन ती जागा भरील, अशी आशा करण्यात अर्थ नाही. जपान सरकारने १९७७ मध्ये मेगुरोला विशेष संरक्षण दिले, आणि २०११ मध्ये ओगासावारा बेटांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

आणखी एक गंमत पाहा. या बेटांवर आज मेजिरोही आहे, पण तो तिथला नाही. माणसांनी त्याला दुसरीकडून नेऊन तिथे सोडले. म्हणजे तिथेही दोन भाऊ एकाच रानात आहेत. त्यांतला एक सगळीकडे जमवून घेणारा आहे आणि दुसरा आपल्या बेटाला घट्ट धरून बसलेला आहे. आपल्या पिक-पिक आणि हिरव्या चष्मेवाल्यासारखेच हे!

मांजरांचे काय करायचे?

ओगासावारातल्या लोकांनी मांजरांचा प्रश्न कसा सोडवला, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. रानात पळालेली मांजरे पक्षी मारीत होती. मांजरे मारावीत तर प्राण्यांवर प्रेम करणारी माणसे दुखावतात, न मारावीत तर पक्षी जातात. तेव्हा बेटावरचे लोक, सरकारी खाती आणि तोकियोचे पशुवैद्य यांनी मिळून एक मार्ग काढला. २००५ नंतर मांजरे पिंजऱ्यात पकडायची, त्याच चोवीस तासांच्या बोटीने तोकियोला पाठवायची, तिथे पशुवैद्यांनी त्यांना माणसाळवायचे आणि नंतर घराघरांत पाळायला द्यायचे, असे काम सुरू झाले. आजवर शेकडो मांजरांना याप्रमाणे घर मिळाले. आणि काही वर्षांतच, जवळजवळ दिसेनासे झालेले लाल डोक्याचे रानकबूतर बेटावर पुन्हा दिसू लागले, लोकवस्तीजवळही येऊ लागले.

इथे दोन्ही बाजूंचे मन राखले गेले, आणि कामही झाले. मोठमोठी भाषणे करून जे साधत नाही ते असे समजुतीने साधते.

सेंदाईचे हंस

आता खुद्द सेंदाईची गोष्ट. हा पक्षी गाणारा नाही, रानहंसाच्या जातीचा आहे, पण त्याची कहाणी आपल्या कहाणीशी अगदी मिळतीजुळती आहे. जपानी लोक त्याला ‘शिजुकारा-गान’ म्हणतात. मान काळी, गाल पांढरे. उन्हाळ्यात तो उत्तरेकडच्या कुरील आणि अल्यूशियन बेटांवर पिले वाढवी आणि हिवाळ्यात सेंदाईच्या आसपासच्या भातशेतांत उतरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बेटांवर कातड्याच्या व्यापारासाठी कोल्हे सोडण्यात आले. हंस जमिनीवर घरटी करतात. कोल्ह्यांनी अंडी आणि पिले फस्त केली. हळूहळू जपानकडे येणारे थवे बंद झाले आणि हा हंस नष्ट झाला असे लोक समजू लागले.

मग १९६० च्या दशकाच्या आरंभी एका अमेरिकन अधिकाऱ्याला अल्यूशियनमधल्या बुल्दिर नावाच्या एकाकी बेटावर दोन-तीनशे हंस जिवंत सापडले. ते तिथेच का वाचले? कारण त्या बेटावर कोल्हे सोडलेले नव्हते. बाकीच्या बहुतेक बेटांवरचे गेले आणि या बेटाने वंश राखला.

अमेरिकेने इतर बेटांवरचे कोल्हे काढले आणि बुल्दिरचे हंस तिथे नेऊन सोडले. तिकडे त्यांची संख्या इतकी वाढली की २००१ मध्ये त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढले. पण जपानकडे येणारे थवे परत आणायचे होते. ते काम सेंदाईच्या यागियामा प्राणिसंग्रहालयाने, हंसांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या जपानी मंडळाच्या सोबतीने, हाती घेतले. १९८० च्या दशकात अमेरिकेहून काही हंस आणले आणि त्यांची पैदास सुरू केली. पुढे रशियन शास्त्रज्ञ सामील झाले. कुरील बेटांपैकी एकार्मा हे बेट कोल्ह्यांपासून मुक्त होते. १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत पाचशेहून अधिक हंस तिथे नेऊन सोडले. पहिली कित्येक वर्षे परत येणारे हंस बोटांवर मोजण्याइतके होते. सोडणाऱ्यांनी तरी सोडणे थांबवले नाही. आज हिवाळ्यात हजारो शिजुकारा-गान मियागी प्रांतातल्या तळ्यांवर आणि भातखाचरांत उतरतात. काही शेतकरी तर कापणीनंतर खाचरांत मुद्दाम पाणी साठवून ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना बसायला जागा मिळते.

यागियामाला भुयारी रेल्वेने जाता येते. स्टेशन प्राणिसंग्रहालयाच्या दाराशीच आहे. शनिवार-रविवारी लहान मुलांच्या रांगा लागतात. मुलांना हत्ती आणि वाघ पाहायचे असतात, ते साहजिक आहे. पण ज्या कामाने एका पक्ष्याचा वंश देशात परत आला, ते काम तीन देशांच्या माणसांनी तीस वर्षे गाजावाजा न करता केले. शिक्षकाच्या मनात असा विचार येतोच की एका शाळेत शिकलेली मुले मोठी होऊन त्यांची मुले शाळेत येईपर्यंतचा हा काळ आहे.

आपले बुल्दिर : इल ओ एग्रेत

आपल्याकडेही एक बुल्दिर आहे. माहेबूरच्या किनाऱ्यासमोरचे इल ओ एग्रेत हे प्रवाळाचे लहान बेट. क्षेत्रफळ जेमतेम सव्वीस हेक्टर, म्हणजे एखाद्या मध्यम ऊसमळ्याएवढे. तिथले उंदीर आणि मांजरे काढून टाकण्यात आली, परकी झुडपे उपटली, मूळची झाडे पुन्हा लावली. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने २००६ पासून हिरव्या चष्मेवाल्याच्या काही जोड्या तिथे नेऊन सोडल्या. त्यांच्यासाठी भांड्यांतून गोड मधपाणी ठेवले जाते. उंदीर नाहीत, माकडे नाहीत, म्हणून पिले वाढू लागली. मॉरिशस फोडी हा दुसरा दुर्मीळ गाणारा पक्षीही तिथे रुळला.

आणि मग २०२० चा तो जुलै महिना आला. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे प्रचंड जहाज प्वान्त देस्नीच्या प्रवाळावर चढले आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल वाहू लागले. सुमारे एक हजार टन तेल आपल्या खाडीत गेले. वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या वाटेवरच इल ओ एग्रेत होते. जिथे सगळी आशा एकवटली होती तिथेच संकट आले. तेव्हा शास्त्रज्ञांनी घाईने काही हिरवे चष्मेवाले आणि फोडी पकडून मुख्य बेटावर ब्लॅक रिव्हरच्या पक्षिगृहात सुरक्षित नेले, म्हणजे काही बरेवाईट झाले तरी बीज राहील. आणि किनाऱ्यावर आपण सर्वांनी काय केले ते वाचकांना सांगायला नको. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सर्वांनी मिळून उसाचे पाचट कापडात भरून लांबलचक वळकट्या शिवल्या आणि त्या समुद्रात टाकून तेल अडवले. कितीतरी जणांनी डोक्याचे केस कापून दिले.

सेंदाईच्या लोकांना समुद्राची आपत्ती समजावून सांगावी लागत नाही. ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी इथल्या प्रत्येक घराच्या आठवणीत आहे. पाचटाच्या वळकट्यांची हकीकत मी इथल्या सहाध्यायी शिक्षकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकाने विचारले, “आणि पक्षी?” मी सांगितले, पक्षी वाचले.

पण या घटनेतून एक धडा घ्यायचा आहे. सव्वीस हेक्टरचे एक बेट म्हणजे एकच टोपली. सगळी अंडी तिच्यात ठेवून निश्चिंत होता येत नाही. हिरवा चष्मेवाला खऱ्या अर्थाने वाचायचा असेल तर तो मुख्य बेटावरच्या रानातही राहिला पाहिजे. आणि तिथेच आपला संबंध येतो.

गोयाव आणि माकडे

आता जरा नाजूक विषयाकडे वळतो. वाचकांनी रागावू नये.

एप्रिल-मे उजाडला की प्लेन शांपान्यच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. टोपल्या, पिशव्या, मीठ, मिरची घेऊन आपण सहकुटुंब ‘गोयाव दे सिन’ तोडायला जातो. हा आपल्या वर्षातला एक सणच आहे, आणि तो मलाही प्रिय आहे. पण हे झुडूप मूळचे ब्राझीलचे आहे. आपल्या ओल्या डोंगरावर ते इतके माजले आहे की त्याच्या दाटीखाली मूळ झाडांचे रोप उगवू शकत नाही. जुनी झाडे म्हातारी होऊन पडतात आणि त्यांच्या जागी गोयाव उभा राहतो. तो फळे देतो, पण हिरव्या चष्मेवाल्याला वर्षभर हवा असलेला मध देत नाही. शिवाय गोयावावर माकडे आणि उंदीर पोसतात, आणि तेच पुढे घरट्यांपाशी जातात.

माकडांचेही तसेच. गंगा तलावाला गेल्यावर केळी-बिस्किटे माकडांपुढे टाकणे हे आपल्याला भूतदयेचे काम वाटते. त्यामागची भावना चांगलीच आहे. मात्र तलावाच्या पलीकडचे रान हेच आपल्या शेवटच्या पक्ष्यांचे घर आहे. एका प्राण्याला आयते खाऊ घालताना दुसऱ्याच्या पिलांचे आयुष्य कमी होत असेल, तर दयेचा हिशेब पुन्हा मांडून पाहायला हवा. माकडांचा द्वेष करा असे मी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या रानात आपले अन्न शोधू द्या, एवढेच म्हणतो. ओगासावाराच्या लोकांनी मांजराला मारले नाही आणि पक्ष्यालाही मरू दिले नाही. तशी समजूत आपल्यालाही दाखवता येईल.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ पासून आपले राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात काही जागी कुंपण घालून परकी झुडपे उपटली आहेत. अशा जागी मूळ झाडांची रोपे पुन्हा वर येतात, हे डोळ्यांनी पाहता येते. आणि एक गोष्ट सांगितली तर सेंदाईतल्या लोकांना फार आनंद होतो. आपल्या डोंगरावर जपानी ‘सुगी’ झाडांची एक जुनी लागवड आहे. तिला ‘पिजन वुड’ म्हणतात. त्या काटेरी, दाट पानांत माकडांना सहज जाता येत नाही, म्हणून गुलाबी कबूतर आणि फोडी तिथे घरटी करतात आणि पिले वाचतात. म्हणजे परके झाड नेहमीच वैरी असते असेही नाही. कोणते झाड कुठे आणि कशासाठी, हे पाहून ठरवावे लागते.

रॉड्रिग्जने करून दाखवले

“दीडशे जोड्या म्हणजे संपल्यातच जमा, आता काय होणार?” असे कुणी म्हणेल. त्यांना मी आपल्या रॉड्रिग्जकडे बोट दाखवीन. तिथे एक लांब चोचीचा गाणारा पक्षी आहे, रॉड्रिग्ज वॉर्बलर. तो त्या एका बेटाबाहेर जगात कुठेही नाही. जळणासाठी आणि गुरांसाठी बेटाचे रान गेले, वरून वादळे आली. १९७९ च्या वादळानंतर मोजणी झाली तेव्हा आठ जोड्या आणि एक एकटा पक्षी एवढेच सापडले. सतरा! रॉड्रिग्ज फोडी या पिवळ्या पक्ष्याचीही अवस्था अशीच केविलवाणी होती.

मग डोंगरउतारावर झाडे लावली गेली, त्यांची तोड थांबवली, ग्राँद मोंतान्यसारखी राखीव रानं सांभाळली, आणि गावकऱ्यांनी, शाळांनी त्यात हात लावला. आज हे दोन्ही पक्षी हजारांत मोजले जातात. लोकांच्या घराभोवतीच्या झाडांतही ते गातात. जे सतरा पक्ष्यांपासून होऊ शकले ते दीडशे जोड्यांपासून का होऊ नये?

आपण काय करू शकतो?

मोठे काम सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे आहे. पण काही गोष्टी घरच्या घरी होतात.

गोयाव तोडायला अवश्य जा, भरपूर तोडा, फक्त पायवाट सोडून रानात शिरू नका आणि खरकटे मागे ठेवू नका. ते उंदरांचे जेवण होते. डोंगराजवळ राहणाऱ्यांनी मांजराला घरी खाऊ घाला, त्याला रानात मोकळे सोडू नका, त्याची पिले कुठेही टाकू नका. परसात एखादे मूळ मॉरिशसचे झाड लावा. शाळांनी वर्षातून एकदा तरी मुलांना इल ओ एग्रेतला न्यावे. आपल्या मुलांना डोडोचे चित्र काढता येते, कारण ते नोटांवर, टोप्यांवर, बाटल्यांवर सगळीकडे आहे. हिरव्या चष्मेवाल्याचे चित्र किती जणांना काढता येईल? गेलेल्या पक्ष्याची आठवण ठेवणे सोपे आहे, कारण त्यासाठी काही करावे लागत नाही. असलेल्याची ओळख ठेवली तर त्याची काळजी घ्यावी लागते.

आणि शेवटी मराठीच्या शिक्षकांना एक विनंती. आपल्या पाठ्यपुस्तकांत कोकिळा आहे, मोर आहे, पोपट आहे. ते सर्व आपल्या पूर्वजांच्या भूमीचे पक्षी आहेत आणि ते राहावेत. पण मराठी ही आता या बेटाचीही भाषा आहे. तिच्यात या बेटाच्या पक्ष्यालाही नाव असावे. कोकणातला चष्मेवाला आणि आपला चष्मेवाला एकाच कुळातले, म्हणून मी त्याला ‘हिरवा चष्मेवाला’ म्हटले आहे. याहून चांगले नाव कुणाला सुचले तर त्यांनी जरूर कळवावे. नाव असले की मुले विचारतील, हा पक्षी कुठे राहतो? त्या प्रश्नाला “राहत असे” असे उत्तर देण्याची पाळी आपल्यापैकी कुणावरही येऊ नये.